शीरखुर्म्यात काय काय घातलंय?

ईदच्या सकाळी शीरखुर्म्याचे डबे शेजारीपाजारी पोहोचतात. दूध, तूप, शेवया, खारीक, काजू, बदाम, पिस्ते, चारोळी असा सगळा थाट. कुणी 'मला चालत नाही' म्हटलं, की लगेच आग्रह होतो, 'एका चमच्यानं काय होतंय?' अन्नाची अ‍ॅलर्जी असलेल्याला तो एक चमचाही पुरतो.

अ‍ॅलर्जीत शरीराची संरक्षण यंत्रणा काजूतल्या किंवा दुधातल्या प्रथिनालाच शत्रू समजते आणि त्याच्याविरुद्ध 'आयजीई' प्रतिपिंडं तयार ठेवते. तोच पदार्थ पुन्हा पोटात गेला, की पेशींतून हिस्टामिन सुटतं. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. कधी श्वास कोंडतो, रक्तदाब कोसळतो. दुधातली साखर न पचल्यानं पोट फुगणं वेगळं. ते त्रासाचं खरं, पण जिवावर बेतत नाही.

हा कल काही अंशी वारशानं येतो आणि तान्हेपणी तीव्र इसब असलेल्या मुलांत जास्त दिसतो. अशा बाळांना शेंगदाणे देऊच नयेत, असं पूर्वी सांगत. लंडनमध्ये गिडियन लॅक यांच्या गटानं ६४० बाळांवर केलेला अभ्यास २०१५ साली आला आणि चित्र उलटं झालं. लवकर शेंगदाणे खाऊ लागलेल्यांत पाचव्या वर्षी ही अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी होती. (अख्खा दाणा मात्र बाळाला कधीच नको, घशात अडकतो. आणि इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.)

काजू न चालणाऱ्याला बहुधा पिस्तेही चालत नाहीत. दोन्ही एकाच कुळातले. वरचे काजू वेचून टाकल्यानं भागत नाही, प्रथिन दुधात उतरलेलं असतं. कोरम्याच्या वाटणात काजू दिसतही नाहीत, हलीममध्ये गहू असतो. म्हणून अशा पाहुण्याचं वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या डावानं करावं. शेजारी जाणाऱ्या डब्यावर जिन्नसांची चिठ्ठी लावली तर फारच उत्तम.

श्वास लागला तर गोळी देऊन वाट पाहत बसू नये. डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन दिलेलं असेल तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला द्यावं आणि १०८ ला फोन करावा. रुग्णाला चालवू नये. बरं वाटलं तरी काही तासांनी त्रास उलटू शकतो, म्हणून दवाखाना टाळू नये. रोजा आहे म्हणून औषध अडवायचं कारण नाही. आजाऱ्याला कुरआननंच मुभा दिली आहे, तो रोजा नंतर ठेवता येतो.