कोयत्याचे पाणी



राजर्षी शाहू महाराजांनी आरंभिलेल्या आपल्या धरणाच्या पाण्याविषयी राधानगरीत नेहमीच बोलले जाते. आज मी कोयत्याच्या पाण्याविषयी बोलणार आहे. ऊसतोडीला बीडकडून येणाऱ्या जोडप्याला मुकादमाच्या हिशेबात ‘एक कोयता’ असे म्हणतात. त्यांची मजुरी टनावर असते. धार गेली की तोच ऊस तोडायला दोन घाव लागतात, आणि दुसऱ्या घावाचे दाम कोणी देत नाही. म्हणून धार का जाते, हा प्रश्न केवळ लोहाराचा नव्हे.

धार तीन प्रकारांनी जाते. पोलाद मऊ असेल तर ती वळते. फार कडक असेल तर तिचा टवका उडतो. आणि दोन्ही टळले तरी ती हळूहळू झिजते. ही झीज कशाने होते? ऊस आणि भात ही दोन्ही गवताच्या कुळातील पिके. ती जमिनीतून वाळूचेच द्रव्य शोषून पानांत व सालीत साठवतात. भाताचे तूस जाळून पाहा. मागे जी राख उरते ती बहुतांशी याच द्रव्याची असते. म्हणजे भात कापणारा विळा कणाकणाने वाळूच कापत असतो.

आता पोलादाकडे वळू. लोखंडात कर्ब किती, यावर पुष्कळसे अवलंबून असते. कर्ब अगदी थोडा असेल तर ते लोखंड कितीही तापवून विझवले तरी कडक होत नाही. कानशीत तो एक टक्क्याहून अधिक असतो. कोल्हापूरच्या कारखान्यांतील ओतीव लोखंडात तीन टक्क्यांच्या आसपास असतो, पण ते हातोड्याखाली फुटते. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात कर्ब साधारण अर्धा ते पाऊण टक्का असतो. आपले लोहार मोडीतला हाच पाटा कोयत्यासाठी निवडतात, यात मोठे शहाणपण आहे. उसाचा बुडखा सर्वांत गोड, म्हणून ऊस जमिनीलगत तोडावा लागतो. तेथे माती असते, दगड असतो. कानशीचा कोयता केला तर धार टिकेल, पण पहिल्याच दगडावर टवका उडेल. पाट्याचे पोलाद खड्ड्याखड्ड्यांतून हेलकावे सोसण्यासाठीच बनवलेले असते. ते मार खाते, पण तुटत नाही.

परंतु पोलाद चांगले असून भागत नाही. ते लालभडक तापवून एकदम पाण्यात वा तेलात बुडवले म्हणजे कडक होते. यालाच पाणी देणे म्हणतात. तसेच ठेवले तर ते काचेसारखे ठिसूळ राहते. म्हणून ते घासून उजळ करतात आणि पुन्हा मंद तापवतात. सुमारे २२० अंशांवर त्यावर गवती पिवळा रंग चढतो, ३०० च्या सुमारास निळा. पिवळ्यावर थांबले तर कडकपणा अधिक राहतो, निळ्यापर्यंत नेले तर चिवटपणा वाढतो. वस्तऱ्याला पहिला मानवतो, मार खाणाऱ्या हत्याराला दुसरा. एकाच पाट्याचे दोन कोयते निराळे निघतात ते बहुधा याच एका क्षणाने.

बाजारातील चकचकीत स्टेनलेस सुऱ्यांचे काय? १९१३ साली शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली यांनी जे न गंजणारे पोलाद ओतले, त्यात १२.८ टक्के क्रोमियम आणि अवघा ०.२४ टक्का कर्ब होता. स्वस्त सुऱ्यांत आजही कर्ब कमी असतो, म्हणून त्यांची धार वळते. पण स्टेनलेसला धारच राहत नाही, हे म्हणणे अर्धसत्य आहे. दाढीचे पातेही स्टेनलेसच असते. त्यात कर्ब अधिक असतो आणि पाणी नेमके दिलेले असते. काही उंची पोलादांत क्रोमियम किंवा व्हॅनेडियम कर्बाशी संयोग पावून वाळूहूनही कठीण कण निर्माण करतात. अशी धार पुष्कळ दिवस टिकते, पण एकदा गेली की साध्या दगडावर सहजी लागत नाही.

कापणे आणि टिकणे हे दोन निराळे गुण आहेत. शेफील्डला सुऱ्यांची परीक्षा घेतात, तेव्हा वाळूचे द्रव्य मिसळलेल्या कागदाच्या गठ्ठ्यावर पाते यंत्राने मागेपुढे फिरवतात. पहिल्या तीन फेऱ्यांत किती खोल कापले यावरून तीक्ष्णता ठरते, साठ फेऱ्यांच्या बेरजेवरून टिकाऊपणा. पहिला गुण मुख्यतः पात्याच्या पातळपणावर व धारेच्या कोनावर अवलंबून असतो, तर दुसऱ्यासाठी पोलाद आणि त्याचे पाणी पाहावे लागते. म्हणून घरच्या विळीची पातळ, साध्या पोलादाची धार कांदा सुरेख कापते, पण लिंबू चिरून तशीच ठेवली तर काळी पडते.

तेव्हा ‘सर्वांत चांगले पोलाद कोणते?’ असे दुकानदाराला विचारू नका. काय कापायचे, वाटेत दगड लागणार की नाही, आणि धार गेल्यावर ती लावणार कोण, हे आधी स्वतःला विचारा. फडातल्या माणसाला महिनाभर टिकणारी पण हाताने न लागणारी धार काय कामाची? दुपारच्या सावलीत दगडावर चार हात फिरवून पाजळता येईल आणि घावाला तुटणार नाही, असाच कोयता त्याला हवा. तो कोयता गावच्या भात्यापाशी अजूनही बनू शकतो. पुढच्या खेपेला विळा शेवटायला द्याल, तेव्हा लोहाराशी केवळ दराची घासाघीस करू नका. तो रंग पाहत असताना क्षणभर गप्प उभे राहा. त्या क्षणाचे मोल आपल्या हंगामाला मिळते.