पाटाचे पाणी आणि हिवताप



गावात पाटाचे पाणी आले की विहिरी भरतात, ऊस उभा राहतो, हातात चार पैसे खेळू लागतात. पण त्यामागोमाग कधीकधी घरोघर थंडी वाजून ताप येऊ लागतो. मग लोक म्हणतात, "पाणी बाधलं!" पाणी पिऊन हिवताप होत नाही, तो डास चावून होतो. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले, तेव्हापासून हे कोडे उलगडत गेले.

मग पाटाचा संबंध काय? कोरडवाहू गावातली डबकी पावसाळा सरला की आटतात आणि डासांची पैदास थंडावते. पाटाखालच्या गावात तसे होत नाही. फुटकी चारी, पाझराचे पाणी, भरावासाठी माती काढलेले खड्डे यांत उन्हाळ्यातही पाणी राहते. खेड्यापाड्यांत हिवताप पसरविणारा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. गटारातला डास निराळा. तो हत्तीरोगाचा वाहक.

नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. पाणी भरमसाट आणि निचरा नाही, यामुळे पुढे तिथल्या काही काळ्या जमिनी चिबड व खारवट झाल्या. जिथे पाणी साचून राहते तिथे पीक पिवळे पडते आणि डासांचे फावते. दुखणी दोन, पण इलाज एकच: निचरा.

नुसत्या फवारणीवर विसंबून भागत नाही. डीडीटीच्या जोरावर देशातले हिवतापाचे रुग्ण १९६५ साली लाखाच्या आसपास उतरले होते; १९७६ साली ते ६४ लाखांवर गेले. डासांना औषध पचू लागले, हे त्याचे एक कारण.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, चारीतले गवत काढा, फुटलेली जागा लिंपा, चर खणा, खड्डे बुजवा. जे बुजत नाहीत त्यांत गप्पी मासे सोडा. हौद-रांजण आठवड्यातून एकदा कोरडे करा. ताप आला तर रक्त तपासून घ्या आणि औषध पुरते घ्या; अर्ध्यावर सोडू नका.

गुरुजींनी मुलांना चारीवर न्यावे. पाण्यावर आडवी तरंगते ती हिवतापाच्या डासाच्या जातीची अळी. डोके खाली करून तिरपी लोंबते ती इतर डासांची. एकदा मुलांना ही ओळख पटली, की गावातले एकही डबके त्यांच्या नजरेतून सुटायचे नाही.