विश्लेषण : यंत्राला ‘कुठलेही तेल’ का चालत नाही?

नागपूरच्या पश्चिमेला अमरावती मार्गावरच्या वाडीत ट्रक, गोदामे आणि गॅरेज आहेत. शेजारी अंबाझरीची आयुध निर्माणी, तर जवळच हिंगणा औद्योगिक वसाहत. या पट्ट्यात वंगणाशिवाय एकही चाक फिरत नाही. मात्र ‘तेल ते तेलच’ असे समजून हाताशी असेल ते ओतले, तर त्याची किंमत यंत्र, कामगार आणि जमिनीखालचे पाणी या तिघांनाही मोजावी लागते.

वंगण नेमके काय करते?

गुळगुळीत दिसणारा धातूही सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. वंगणाचा पातळ थर दोन भागांना एकमेकांपासून दूर ठेवतो, उष्णता वाहून नेतो आणि गंज रोखतो. ब्रिटनमधील १९६६ च्या जोस्ट अहवालाने घर्षण, झीज आणि वंगण यांकडे नीट लक्ष दिल्यास उद्योगांचे वर्षाला सुमारे ५१.५ कोटी पौंड वाचतील, असा अंदाज मांडला. ‘ट्रायबॉलॉजी’ हा शब्दही त्यातूनच रूढ झाला.

डब्यावरील ‘६८’ म्हणजे काय?

‘आयएसओ व्हीजी ६८’ म्हणजे ४० अंश सेल्सिअसला तेलाची श्यानता, म्हणजेच दाटपणा, सुमारे ६८ सेंटिस्टोक. आकडा मोठा तितके तेल दाट. वेगाने फिरणाऱ्या स्पिंडलला पातळ तेल लागते. संथ, जड गिअरबॉक्सला २२० किंवा ३२० लागते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा तेल पातळ होऊन थर तुटू शकतो. म्हणून मनाने दाट तेल भरणेही चूक. हिवाळ्यातील पहाटे पंपाला ते ओढता येत नाही. यंत्राच्या पुस्तिकेतील श्रेणीच पाळावी. ट्रकचे इंजिन ऑइल हायड्रॉलिक यंत्रात घालणेही धोक्याचे. त्यातील डिटर्जंट पाणी वेगळे होऊ देत नाहीत. हायड्रॉलिक तेलाने मात्र पाणी सोडले पाहिजे.

कटिंग ऑइल वेगळे का?

लेथवर टूल धातू कापते तेव्हा प्रचंड उष्णता निर्माण होते. अमेरिकी अभियंता फ्रेडरिक टेलर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दाखवून दिले, की टूलवर पाण्याची जोरदार धार सोडली तर कापण्याचा वेग ३० ते ४० टक्के वाढवता येतो. पण नुसत्या पाण्याने गंज चढतो. म्हणून पाण्यात विरघळल्यासारखे मिसळणारे तेल, साधारण ५ ते १० टक्के, घालून दुधासारखे कूलंट तयार करतात. तेल पाण्यात टाकायचे, पाणी तेलात नव्हे. नाहीतर मिश्रण फाटते. आटे पाडण्यासारख्या संथ, जास्त घर्षणाच्या कामाला मात्र बिनपाण्याचे तेल चांगले. तापलेल्या धातूच्या घडाईत साच्यावर ग्रॅफाइटयुक्त वंगण फवारतात.

सुटीनंतर कूलंटला वास का येतो?

यंत्रातून गळणारे तेल कूलंटवर साचते. हवा तुटते आणि जिवाणू वाढतात. पंप बंद असलेल्या सुटीच्या दिवसानंतर सडका वास येतो तो त्यामुळेच. वरचा तवंग काढणे, टाकीतील कीस उपसणे आणि रिफ्रॅक्टोमीटरने प्रमाण तपासणे हे त्यावरचे साधे उपाय.

कामगारांना काय धोका?

कूलंट सतत अंगाला लागल्यास खाज, पुरळ उठतात. त्याचे तुषार श्वासात गेल्यास दम्यासारखा त्रास होऊ शकतो. पुरेसे शुद्ध न केलेले खनिज तेल कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने नमूद केले आहे. तेलकट कपडे रोज बदलणे, साबणाने हात धुणे आवश्यक. फिरत्या टूलजवळ हातमोजे मात्र घालू नयेत. ते ओढले जाऊन हात अडकतो.

वापरलेल्या तेलाचे काय?

२०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचरा ठरते. १ एप्रिल २०२४ पासून तेलाच्या उत्पादक आणि आयातदारांवरही पुनर्प्रक्रियेची जबाबदारी आली आहे. ते नाल्यात सोडले तर पाण्यावर तवंग पसरतो, मातीत मुरले तर विहिरीपर्यंत पोहोचते. गॅरेज आणि वर्कशॉपने इंजिन ऑइल, हायड्रॉलिक तेल आणि कूलंट वेगवेगळ्या झाकणबंद पिंपांत साठवून अधिकृत पुनर्प्रक्रियादारालाच द्यावे. एकत्र केले की शुद्ध करणे अवघड होते आणि भावही पडतो.