कंटेनरच्या पोटात कंटेनर

सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये हल्ली कोणी कोड चढवला की एक यंत्रणा आपोआप कामाला लागते. ती कोड तपासते, चाचण्या घेते आणि शेवटी नवा कंटेनर तयार करून ठेवते. गोची अशी, की ही यंत्रणा बहुतेक वेळा स्वतःच एका कंटेनरमध्ये चालत असते. म्हणजे कंटेनरमध्ये बसून कंटेनर बांधायचा आणि चालवूनही बघायचा. साध्या लिनक्सवर हा प्रयोग पहिल्या फटक्यात जमत नाही, आणि ‘परवानगी नाही’ हे एकच उत्तर नाना कारणांनी मिळत राहतं.

कंटेनर म्हणजे छोटा संगणक, हा समज आधी सोडावा लागतो. व्हर्च्युअल मशीनला स्वतःचं कर्नल असतं, कंटेनरला नसतं. यजमान लिनक्सवरच्याच काही प्रोसेस, एवढंच ते प्रकरण. त्यांना काय दिसावं हे नेमस्पेस ठरवतं आणि मेमरी-प्रोसेसर किती मिळावा हे सीग्रुप. त्यामुळे कंटेनर एकात एक कितीही घातले तरी कर्नल एकच. वाड्यातल्या भाडेकरूने पोटभाडेकरू ठेवावा तसं हे आहे: नळ आणि मीटर मालकाचेच, तेव्हा नव्या बिऱ्हाडाची सोय मालकालाच करून द्यावी लागते.

ही सोय करण्याचा सर्वांत आळशी मार्ग डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनानेच २०१३ मध्ये आणला, ‘प्रिव्हिलेज्ड’ हा पर्याय. तो लावला की सगळे अधिकार आणि सगळी उपकरणं खुली होतात, सेककॉम्प आणि अ‍ॅपआर्मर हे पहारेकरी बाजूला होतात. मग आतला डॉकर सुरू होतो, पण आतला कोणीही यजमानाची हार्डडिस्क जोडून वाचू शकतो. डॉकरमध्ये डॉकर चालवण्याची ही युक्ती रुळवणाऱ्या जेरोम पेटाझोनी यांनीच २०१५ मध्ये लिहिलं, की चाचणीयंत्रणेसाठी हे वापरण्याआधी पुन्हा विचार करा. त्यांनी सुचवलेला पर्याय म्हणजे यजमान डॉकरचं सॉकेट आत जोडून देणं. मात्र मग नवा कंटेनर आत नव्हे, शेजारी उभा राहतो. आणि त्या सॉकेटशी बोलू शकणारा व्यवहारात यजमानाचा रूटच, म्हणजे सर्वाधिकारी यूजर, होतो. अनोळखी माणसाचा कोड चालवायचा असेल तर मी दोन्हींच्या वाटेला जाणार नाही.

सरळ रस्ता यूजर नेमस्पेसचा. ही सोय लिनक्सच्या ३.८ आवृत्तीत, फेब्रुवारी २०१३ मध्ये वापरण्याजोगी झाली. कंटेनरच्या आतला रूट, म्हणजे क्रमांक ०, बाहेर मात्र १००००० क्रमांकाचा कोणी सामान्य यूजर असतो. हा हिशेब यजमानाच्या ‘सबयूआयडी’ नावाच्या फाईलमध्ये लिहितात: अमक्याला १००००० पासून पुढचे ६५५३६ क्रमांक. एका कंटेनरला ते पुरतात. पण त्याला पोटात दुसरा ठेवायचा झाला तर आतल्यासाठी वेगळे क्रमांक द्यायचे कुठून? बाहेरच्याकडे शिल्लकच नसतात. काटकसर करून अर्धेच द्यावेत म्हटलं, तर ‘नोबडी’ या यूजरचा क्रमांक ६५५३४ असतो, आणि त्याच्या मालकीची फाईल इमेजमध्ये निघाली की ती उलगडताना अडते. तेव्हा यजमानावरच रुंद पट्टा आखून द्यावा. इन्कससारख्या साधनांत थेट शंभर कोटी क्रमांक नावावर करण्याची शिफारस आहे. आकडा छाती दडपवणारा वाटतो, पण क्रमांकांना पैसे पडत नाहीत. एलएक्सडी, इन्कस किंवा प्रॉक्समॉक्समध्ये त्याखेरीज ‘नेस्टिंग’ची खूणही करावी लागते.

पुढचा अडथळा डिस्कचा. कंटेनरची फाईलव्यवस्था ओव्हरलेच्या थरांवर उभी असते, आणि एका ओव्हरलेला दुसऱ्या ओव्हरलेचा लिहिता थर करता येत नाही. म्हणून आतल्या डॉकरचं कोठार वेगळ्या व्हॉल्यूमवर ठेवावं. नाहीतर तो व्हीएफएस पद्धतीवर घसरू शकतो, म्हणजे प्रत्येक थराची पूर्ण प्रत, आणि डिस्क बघता बघता भरते. रूटविना ओव्हरले जोडण्याची मुभा कर्नल ५.११ पासून आहे; त्याआधीच्या यंत्रांवर फ्यूज-ओव्हरलेएफएस वापरतात. लागणारी कर्नल मॉड्यूल यजमानानेच आधी चढवून ठेवायची, कारण ते काम आतून होत नाही.

सीग्रुपच्या दुसऱ्या आवृत्तीचा एक नियम मला फार आवडतो: जो गट पोटगटांना मेमरी-प्रोसेसरची वाटणी करून देतो, त्याच्या स्वतःच्या पदरी प्रोसेस असू नयेत. डॉकरमधल्या डॉकरची सुरुवातीची स्क्रिप्ट म्हणूनच सगळ्या प्रोसेस ‘इनिट’ नावाच्या पोटगटात हलवते आणि मगच वाटणीला बसते. ही हलवाहलव राहिली की मेमरीची मर्यादा लावताना चूक येते.

उबुंटू २४.०४ वर आणखी एक कुलूप आहे. साध्या यूजरने नेमस्पेस उघडून त्यात अधिकार वापरण्यावर अ‍ॅपआर्मर बंधन घालतो. ते बंधन अख्ख्या यंत्रावरून उठवण्यापेक्षा फक्त आपल्या साधनापुरती सूट देणारं प्रोफाइल लिहावं.

एवढं करूनही पाच-सहा कंटेनर नीट उठतात आणि पुढचा पडतो, असं होऊ शकतं. लॉगमध्ये येतं, ‘फार फाईली उघड्या आहेत’, आणि माणूस फाईलींची मर्यादा वाढवत बसतो. बऱ्याचदा संपलेली असते ती फाईलींतल्या बदलांवर नजर ठेवणाऱ्या आयनोटिफायची मर्यादा. ही एका यूजरमागे असते, अनेक यंत्रांवर जेमतेम १२८, आणि आतल्या कंटेनरांचा खर्च एकाच खात्यावर पडला की लवकर संपते. ती यजमानावर ५१२ केली की बहुधा काम भागतं.