वहिनींची परीक्षा

आमच्या मातोश्री अर्धांगवायूनें चार वर्षें अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचें सर्व कांहीं थोरल्या वहिनींनीं केलें. अंग पुसणें, वेणी घालणें, भरवणें, रात्रीं उठून कूस बदलणें. त्यास 'काम' असें नांव मात्र त्या चार वर्षांत आम्हां कोणाच्याच तोंडून निघालें नाहीं. वर्षश्राद्ध झाल्यावर एके सकाळीं चहाच्या वेळीं वहिनी म्हणाल्या कीं, आपण 'होम हेल्थ एड'च्या परीक्षेस बसणार. घरोघरीं जाऊन आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्यांसाठीं आरोग्यक्षेत्राच्या कौशल्य परिषदेनें आंखलेला हा अभ्यासक्रम आहे.

काकांनीं पेला खालीं ठेविला. "म्हणजे आतां परक्यांच्या घरीं बेडपॅन उचलायला जाणार?"

"घरचा उचलला तेव्हां कोणी विचारलें नाहीं, काका," वहिनी म्हणाल्या.

पुण्यास हा प्रश्न वास्तविक जुनाच आहे. १९०९ सालीं श्रीमती रमाबाई रानडे व श्री. गोपाळ कृष्ण देवधर यांनीं पुणें सेवासदन स्थापिलें, व पुढें तेथील स्त्रिया ससून रुग्णालयांत परिचारिकेचें शिक्षण घेऊं लागल्या. त्या काळीं परक्या रोग्यास हात लावण्याचें काम पांढरपेशा घरांना हलकें वाटे. शंभराहून अधिक वर्षें लोटलीं, तरी आमच्या माजघरांत तें अजून हलकेंच होतें.

आम्हांस वाटलें होतें, वहिनींस आतां नवें शिकण्यासारखें काय उरलें? झालें उलटेंच. मातोश्रींच्या माकडहाडापाशीं कातडी लाल झाली कीं वहिनी स्पिरिट लावून ती जागा चोळीत; ही रीत कित्येक जुन्या घरांत आहे. आतां शिकवितात कीं, लाल झालेली जागा चोळूंच नये. त्यानें आंतील नाजूक भागास अधिक इजा होते. त्या जागेवरचा भार काढावा, साधारण दर दोन तासांनीं कूस बदलावी, व लाली न उतरल्यास परिचारिकेस तत्काळ कळवावें. तो धडा झाला त्या रात्रीं वहिनी जेवल्या नाहींत. मातोश्रींस अखेरीस जी जखम झाली, ती त्याच जागीं होती.

सरावासाठीं रोगी हवा होता. प्रथम आम्ही झालों, पुढें काका झाले, म्हणाले, "नाहीं तरी दुपारीं आडवाच असतों." सदरा घालतांना लुळा हात आधीं बाहींत घालावा, आणि काढतांना धड हात आधीं काढावा, हें त्यांच्यावरच पाठ झालें. नाडी अंगठ्यानें पाहूं नये, कारण अंगठ्याची स्वतःचीच नाडी मध्यें लागते. श्वास मोजावयाचे, पण रोग्यास तें कळूं द्यावयाचें नाहीं. कळलें कीं तो निराळाच श्वास घेऊं लागतो. म्हणून नाडीवरचीं बोटें तशींच ठेवून छातीकडे पाहावें. काकांस हें ठाऊक झाल्यापासून त्यांचे श्वास एकदांही धड मोजतां आले नाहींत.

न्यू जर्सींतील आमच्या भाचीनें तिकडचे सरावप्रश्न धाडिले. अमेरिकेच्या संघराज्य नियमांत या शिक्षणाचे निदान ७५ तास ठरलेले असून, त्यांपैकीं निदान १६ तास देखरेखीखालील प्रत्यक्ष कामाचे असावे लागतात. प्रश्नांत एक असा होता: रुग्णानें स्नान नको म्हटलें तर काय करावें? वहिनींनीं लिहिलें, "समजूत घालून घालावें." उत्तर चुकलें. नको म्हणण्याचा त्याचा हक्क आहे. कारण विचारावें, पुढची वेळ सुचवावी, आणि नकार नोंदवून परिचारिकेस सांगावा. बळजबरी करूं नये. त्याचप्रमाणें औषधाची मात्रा आपल्या मतानें वाढविणें वा बंद करणें, हें तर साहाय्यिकेनें केव्हांही करावयाचें नाहीं. ज्या घरांत सुनेनें डॉक्टरांपासून देवपूजेपर्यंत सर्व निर्णय निभावले, तिला ही मर्यादा पाळणें पाठांतरापेक्षां जड गेलें, असें आमचें मत आहे.

प्रात्यक्षिकास माणसाऐवजीं रबरी पुतळा होता. वहिनींनीं हात धुतले, पडदा ओढला, आणि वांकून त्या पुतळ्यास विचारलें, "आजी, तुम्हांला डाव्या कुशीवर वळवूं का?" शेजारची एक मुलगी हंसली. परीक्षक हंसले नाहींत. रोग्यास विचारल्यावांचून हात लावणाऱ्या तिघींस त्यांनीं त्याच सकाळीं थांबविलें होतें.

निकाल लागला. वहिनी उत्तीर्ण झाल्या, आणि पहिल्या तारखेपासून कोथरुडांत एका निवृत्त शिक्षिकेकडे जातात. सकाळीं आठला निघतात. दुपारचा स्वयंपाक कोणीं करावयाचा, याचा निकाल आमच्या घरांत अद्याप लागलेला नाहीं.