शेवाळापासून वीज : शक्यता आणि मर्यादा

पुणे-नगर रस्त्यावरील वाघोली दगडखाणींसाठी ओळखली जाते. हे गाव २०२१ साली पुणे महापालिकेत समाविष्ट झाले. खाणीच्या खड्ड्यात, शेततळ्यात किंवा गोठ्याजवळच्या हौदात पाणी साचून राहिले, की थोड्याच दिवसांत ते हिरवे दिसू लागते. हा रंग सूक्ष्म शेवाळाचा. अशा जिवंत शेवाळापासून वीज मिळते, हे खरे आहे. मात्र ती किती मिळते, हे समजून घेतल्याशिवाय शेतकरी बंधूंनी त्यावर पैसा खर्च करू नये.

वीज कशी तयार होते?

पिकाप्रमाणेच शेवाळही उन्हात स्वतःचे अन्न तयार करते. या क्रियेत पेशीमध्ये पाण्याचे विघटन होऊन प्राणवायू बाहेर पडतो व इलेक्ट्रॉन मोकळे होतात. बहुतेक इलेक्ट्रॉन अन्ननिर्मितीत खर्च होतात; थोडे पेशीबाहेर येतात. पाण्यात धातूची पट्टी ठेवल्यास ते तिच्यावर गोळा होऊन तारेतून वाहू लागतात. यासाठी शेवाळ वाळवावे किंवा जाळावे लागत नाही.

प्रयोगात काय आढळले?

इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात पाओलो बॉम्बेली, ख्रिस्तोफर हाउ व सहकाऱ्यांनी हा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. पेन्सिल सेलएवढ्या डबीत सिनेकोसिस्टिस जातीचे निळे-हिरवे शेवाळ व ॲल्युमिनियम ठेवले होते. या डबीवर संगणकाची एक लहान चिप सहा महिन्यांहून अधिक काळ चालली. प्रवाह रात्रीही सुरू राहिला, कारण दिवसा साठवलेले अन्न शेवाळ अंधारात वापरते. काही वीज ॲल्युमिनियमच्या झिजण्यातून येत असावी, ही शक्यताही शास्त्रज्ञांनी नोंदविली आहे.

पंप चालेल काय?

त्या चिपला सुमारे ०.३ मायक्रोवॅट वीज लागत होती. एक मायक्रोवॅट म्हणजे वॅटचा दहा लाखावा भाग. तीन अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे २,२०० वॅट लागतात. या हिशेबाने एका पंपासाठी सातशे कोटींहून अधिक डब्या लागतील! याउलट, एक चौरस मीटरचे सौर पॅनेल भर उन्हात दीडशे वॅटपर्यंत वीज सहज देते. म्हणून शेवाळाच्या विजेचा उपयोग पुढे झालाच, तर तो अत्यल्प विजेवर चालणाऱ्या लहान उपकरणांसाठी होईल. विहिरीवरील मोटारीसाठी नव्हे.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१) शेवाळावर पंप किंवा घरातील दिवे चालविण्याचे संच कोणी विकू लागल्यास आगाऊ रक्कम देऊ नये. संच किती वॅट देतो, हे प्रथम विचारावे व प्रत्यक्ष मोजून घ्यावे.

२) पंपासाठी सौरऊर्जेचा विचार करावा. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-कुसुम योजनेतून सौर पंपांना अनुदान देण्यात आले. सध्याच्या अटींची चौकशी महावितरणच्या कार्यालयात करावी.

३) निळ्या-हिरव्या शेवाळाचा खरा लाभ भातशेतीत आहे. मावळ, मुळशी, भोर भागातील भातखाचरांत लावणीनंतर आठ-दहा दिवसांनी शिफारशीप्रमाणे शेवाळ खत टाकावे व पाणी साचलेले ठेवावे. परिस्थिती अनुकूल असल्यास हेक्टरी २० ते ३० किलो नत्र हवेतून स्थिर होते.

४) खाणीतील किंवा डबक्यातील शेवाळ खत म्हणून वापरू नये. काही निळी-हिरवी शेवाळे विषारी असतात. असे हिरवे पाणी जनावरांना पाजू नये.

विजेसाठी आज ऊन आणि नत्रासाठी शेवाळ, हीच विभागणी शेतकऱ्याच्या फायद्याची आहे.