सभामंडपाची दुरुस्ती उन्हाळ्यात का नाही?

॥ श्री ॥



सभामंडपाच्या छताचे सुटलेले पोपडे काढून दुरुस्तीचे काम आषाढी एकादशीपूर्वी, उन्हाळ्याच्या सुट्टीतच का उरकले जात नाही, अशी पृच्छा अनेक भाविकांनी केली आहे. त्याचे कारण येथे विशद करीत आहोत.

सिमेंटचा मसाला वाळल्याने कठीण होतो, हा समज बरोबर नाही. सिमेंट व पाणी यांच्या रासायनिक संयोगाने तो कठीण होतो. ही क्रिया उष्णतेने जलद होते व थंडीने मंदावते. भारतीय मानकांनुसार सिमेंटची ताकद सुमारे २७ अंश सेल्सिअस तापमानात तपासली जाते. सुरतेत एप्रिल-मे महिन्यांत पारा कित्येकदा चाळिशी गाठतो आणि उन्हात तापलेला स्लॅब तर हवेहूनही अधिक तप्त असतो.

अशा उष्णतेत मसाला पहिल्या दिवसांत लवकर ताकद धरतो, हे खरे. परंतु घाईने बनलेले पदार्थ सिमेंटच्या कणांभोवतीच दाटतात व मधली छिद्रे मोठी राहतात. म्हणून महिन्याभरानंतर हाच मसाला, मध्यम तापमानात मुरलेल्या मसाल्यापेक्षा, बहुधा कमी मजबूत ठरतो. शिवाय दुरुस्तीचा थर पातळ असल्याने त्यातील पाणी लवकर उडते. तापलेला थर रात्री थंड होताना आकसतो, जुना स्लॅब त्यास अडवून धरतो; परिणामी तडे जातात व सांधा सुटतो. तड्यांतून ओलावा सळईपर्यंत पोहोचला की गंज पुन्हा सुरू होतो. एकादशीच्या गर्दीत छताचा तुकडा भाविकांच्या मस्तकावर पडणे, हा धोका विश्वस्त मंडळ पत्करू शकत नाही.

यास्तव पुढीलप्रमाणे ठरविण्यात आले आहे :

१. काम दिवाळीनंतर हाती घेण्यात येईल. तोवर सुटलेल्या भागाखाली टेकू राहतील व तेथे प्रवेश बंद राहील.

२. जुना पृष्ठभाग आधी भिजविला जाईल; मसाला लावताना त्यावर पाणी साचलेले नसेल.

३. काँक्रीटसाठीच्या भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस, तर मिश्र सिमेंटसाठी अथवा कोरड्या, उष्ण हवेत १० दिवस ओलावा राखण्यास सांगितले आहे. आपणही साध्या मसाल्यावर १० दिवस पाणी मारू व ओले गोणपाट छतास टेकवून ठेवू.

४. पॉलिमरयुक्त मसाल्यास मात्र सामान्यतः एक-दोन दिवस ओलावा व नंतर कोरडी हवा लागते. तेथे उत्पादकाच्या सूचना पाळल्या जातील.

५. हिवाळ्यातील थंड रात्रींमुळे ताकद सावकाश येईल, म्हणून टेकू घाईने काढले जाणार नाहीत.

या काळात होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. सर्वांनी सहकार्य करावे, ही नम्र विनंती.

कळावे,
विश्वस्त मंडळ, सुरत